जॅकेट आहे, हेल्मेट आहे, मग भीती कसली?

प्रश्न पुण्याच्या एका ताईंचा आहे. त्यांचा मुलगा अमेरिकेत ओक्लाहोमात एम.एस. करतोय. कॉलेजात रोडिओचा, म्हणजे उसळत्या जनावरांवर बसण्याच्या काउबॉय खेळांचा, संघ आहे, त्यातल्या दोघांशी याची दोस्ती जमली आणि आठवड्यातून एकदा तो त्यांच्याबरोबर गावाबाहेरच्या सरावाच्या रिंगणावर जायला लागला. इतके दिवस कुंपणावर बसून बघत होता, आता स्वतः बैलावर बसायचं म्हणतो. ताईंनी विरोध केला तर म्हणाला, “जॅकेट आहे, हेल्मेट आहे, आठ सेकंदांचा तर खेळ. भीती कसली?” यात खरं किती, माणसं खरंच मरतात का आणि मुलाला काय सांगावं, असं त्या विचारतायत.

ताई, माणसं मरतात. दर आठवड्याला मरत नाहीत, पण मरतात, आणि पुढे जी नावं येतील ती बहुतेक पंचविशीच्या आतबाहेरची आहेत.

मी इमर्जन्सी विभागात डॉक्टर आहे. मूळचा सांगलीकडचा, गेली वीसेक वर्षं ओक्लाहोमात. उन्हाळ्यातल्या शनिवारी आसपासच्या गावांत लहान रोडिओ असतात, तिथे मी पाठीला बॅग लावून शूटच्या मागे उभा असतो. पैसे मिळत नाहीत, बार्बेक्यू मिळतं. शूट म्हणजे जनावर उभं करायचा लोखंडी पिंजरा. आपल्या गुरांच्या दवाखान्यात खोडा असतो ना, तसाच, फक्त याचा दरवाजा बाजूने उघडतो.

आधी एक शब्द दुरुस्त करतो. तुम्ही ‘बैल’ लिहिलंय. आपल्याकडे बैल म्हणजे खच्ची केलेला, जुवाखाली मान देणारा, बेंदराला शिंगं रंगवून घेताना शांत उभा राहणारा. रोडिओत असतो तो वळू. वजन साधारण सातशे ते नऊशे किलो. आपली जुनी मारुती ८०० रिकामी असताना साडेसहाशेच्या आसपास भरायची, म्हणजे हे धूड तिच्याहून जड, आणि त्याला उडी मारता येते. यातल्या पुष्कळ वळूंना वशिंड असतं, कारण त्यांच्यात ‘ब्राह्मन’ जातीचं रक्त असतं. (या नावावरून आमच्या इथल्या मंडळात व्हायचे तेवढे विनोद होऊन गेलेत.) ही जात अमेरिकेत तयार झाली ती आपल्याकडून गेलेल्या गुरांपासून: गीर, कांकरेज, ओंगोल आणि थोडी आपली कृष्णा व्हॅली. पहिल्यांदा एका वळूचं वशिंड आणि लोंबती पोळी बघून मला घरची गुरं आठवली होती. पुढच्या मिनिटाला त्याने एका पोराला कुंपणावर भिरकावलं.

लोकांना वाटतं की त्याच्या नाजूक जागी दोर आवळतात म्हणून तो उसळतो. तसं नाही. कमरेपुढे, कुशीवरून एक मऊ दोर सैलसर बांधतात. त्याची कटकट होऊन तो मागच्या लाथा उंच झाडतो, पण मुळात उसळणं त्याच्या रक्तात असतं. उसळणाऱ्या वळूंच्या वंशावळी इथे घोड्यांसारख्या राखल्या जातात, डीएनए तपासून नोंदल्या जातात. जनावराला हे सोसायला लावावं का, हा वेगळा आणि मोठा वाद आहे. बैलगाडा शर्यतींवरून २०१४ ची बंदी ते २०२३ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल, एवढा काळ तो आपणही घातलाय. आज माझा विषय वर बसलेला माणूस आहे.

खेळ असा. रायडर एका हाताने वळूच्या छातीभोवती गुंडाळलेला दोर धरतो. हातमोजा आणि दोर दोन्हींना राळ घासलेली असते, पकड सुटू नये म्हणून. दोराचा पीळ तळव्यावरून घेऊन मूठ आवळायची. दुसरा हात मोकळा, तो वळूला किंवा स्वतःला लागला की बाद. मान हलवली की दरवाजा उघडतो. आठ सेकंद टिकला तर गुण मिळतात, शंभरपैकी निम्मे रायडरचे आणि निम्मे वळूचे. म्हणजे वळू जितका वाईट तितके गुण जास्त. गरीब वळू वाट्याला आला तर रायडर हळहळतो. या खेळात सगळ्यांना धोका हवा असतो, कारण गुण त्याचेच मिळतात. मुलाला हे एक वाक्य आधी सांगा.

आता ‘आठ सेकंदांचा खेळ’. मी शूटमागे उभा असतो तेव्हा आठ सेकंदांचा भोंगा वाजला की लोक टाळ्या वाजवतात आणि मी बॅगेचा पट्टा घट्ट करतो. वर बसलेल्या माणसाकडे निदान दोर असतो, तोल असतो. खाली उतरणाऱ्याकडे काहीच नसतं, आणि वळूला भोंगा कळत नाही. वळू गोल फिरत असताना आतल्या बाजूला पडणाऱ्याला इथले रायडर ‘विहिरीत पडला’ म्हणतात. विहिरीच्या काठावर खूर असतात. हात दोरात अडकला तर त्याहून वाईट. राळेने चिकटलेला पीळ सुटत नाही, वळू फिरत राहतो आणि माणूस त्याच्या कुशीला चिंधीसारखा लोंबकळत आपटत राहतो. तेव्हा बुलफायटर आत धावतात. स्पेनमधले तलवारवाले नव्हेत. यांचं काम वळू आणि माणूस यांच्या मध्ये स्वतःला घालणं, वळूचं लक्ष आपल्याकडे ओढणं, अडकलेला हात सोडवणं. मैदानावर मला कोणाबद्दल आदर वाटत असेल तर पहिला यांच्याबद्दल.

लेन फ्रॉस्टची गोष्ट सांगितल्याशिवाय जॅकेटचं काही सांगता येत नाही, म्हणून जरा थांबतो.

लेन फ्रॉस्ट १९८७ चा विश्वविजेता. हसरा, देखणा, पोरांना सही दिल्याशिवाय न हलणारा अशी त्याची ख्याती. ‘रेड रॉक’ नावाच्या वळूवर ३०९ वेळा माणसं बसली होती आणि एकही आठ सेकंद टिकलं नव्हतं. वळू निवृत्त झाल्यावर १९८८ मध्ये लेन आणि रेड रॉक यांच्या सात लढती ठरवल्या गेल्या. दोघंही आपापल्या गटात १९८७ चे विजेते. लेनने सातपैकी चार जिंकल्या. पुढच्या वर्षी ३० जुलैला, वायोमिंगमधल्या शायान फ्रंटियर डेज या मोठ्या मेळाव्याच्या शेवटच्या दिवशी, त्याच्या वाट्याला ‘टेकिन् केअर ऑफ बिझनेस’ नावाचा वळू आला. लेन आठ सेकंद टिकला, उतरला, चिखलात पडला. वळू वळला आणि शिंगाने त्याला पाठीतून चिखलात दाबलं. शिंग आत घुसलं नव्हतं, फक्त दाबलं. लेन उठला, मदतीसाठी हात केला, दोन पावलं गेला आणि कोसळला. मोडलेल्या बरगड्यांनी आतली मोठी रक्तवाहिनी फाडली होती. वय २५.

आमच्या विभागात नव्या डॉक्टरांना मी हे उदाहरण देतो, रोडिओ न बघितलेल्यांनाही. जखम दिसत नाही, माणूस उभा राहतो, बोलतो, हात करतो, आणि छातीत रक्त साठत असतं. बाहेरून थेंब नाही. ‘उठला म्हणजे ठीक आहे’ ही गर्दीची समजूत, तीच जिवावर येते.

लेनचा मित्र कोडी लँबर्ट हा स्वतः रायडर. घोड्यांच्या शर्यतीतले जॉकी पडण्यापासून वाचायला अंगात एक जाकीट घालतात, ते बघून त्याने वळूवाल्यांसाठी जॅकेट बनवून घेतलं. आत जाड फोम, बाहेरून शिंग सहज न घुसेल असं कापड आणि चामडं. १९९३ च्या सुमाराला ते रिंगणात दिसायला लागलं. आधी पोरं हसली, मग सगळ्यांनी घातलं, मग ते सक्तीचं झालं. तुमच्या मुलाने ज्या जॅकेटच्या भरवशावर ‘भीती कसली’ म्हटलंय ते असं जन्माला आलं. त्याला हे माहीत नसणार. सरावाच्या रिंगणावर त्याला ते घालायला देणाऱ्या पोरांना मात्र बहुतेक माहीत असेल.

जॅकेटने जीव वाचले, मी डोळ्यांनी बघितलेत. शिंगाची ढुशी, खुराचा निसटता घाव, कुंपणावर आपटणं, यांत बरगड्या शाबूत राहतात किंवा दोनाऐवजी एकच मोडते. पण फोम दाब पसरवतो, वजन कमी करत नाही. माणूस जमिनीवर उताणा, खाली कडक माती, आणि वरून नऊशे किलोचं जनावर एका पायावर पूर्ण भार देऊन उतरलं, तर जॅकेट काय करणार? जानेवारी २०१९ मध्ये डेन्व्हरला मेसन लो ‘हार्ड टाइम्स’ नावाच्या वळूवरून पडला आणि वळूचा पाय छातीवर पडला. अंगात जॅकेट होतं. तोही उठून काही पावलं चालला, मग पडला. वय २५. ऑगस्ट २०२१ मध्ये कॅलिफोर्नियात फ्रेझ्नोला ब्राझीलचा अमादेऊ काम्पोस सिल्वा पडताना त्याच्या बुटाच्या टाचेवरची आर कुशीवरच्या दोरात अडकली, तो वळूखाली ओढला गेला आणि पाय छातीवर. वय २२. त्याआधी मार्च २००० मध्ये न्यू मेक्सिकोतल्या अल्बुकर्कीला कॅनडाचा ग्लेन कीली आतल्या इजांनी गेला. रायडरांनीच १९९२ मध्ये स्थापन केलेल्या पीबीआर (प्रोफेशनल बुल रायडर्स) या संघटनेच्या स्पर्धेतला तो पहिला मृत्यू. सिल्वाच्या देशाबद्दल जाता जाता: साओ पावलो राज्यातल्या बारेतोसचा मेळावा १९५६ पासून भरतोय आणि आजच्या मोठ्या रायडरांतले कितीतरी ब्राझीलचे आहेत. हा केवळ अमेरिकन वेडेपणा नाही.

तर छातीचं हे असं. आता हेल्मेट.

डिसेंबर १९९४ मध्ये लास व्हेगासच्या राष्ट्रीय अंतिम स्पर्धेत, शेवटच्या फेरीत, टेक्सासचा ब्रेंट थरमन ‘रेड वुल्फ’ नावाच्या वळूवरून पडला आणि डोकं खुराखाली आलं. सहा दिवसांनी तो गेला. वय २५. हे आकडे मी एकसारखे लिहितोय असं वाटेल, पण ते तसेच आहेत.

दुसऱ्या वर्षी टफ हेडमन. हा लेनचा जिवलग मित्र. १९८९ मध्ये, लेन गेल्यावर पाच महिन्यांच्या आत, टफ विश्वविजेता झाला. शेवटच्या वळूवर आठ सेकंदांचा भोंगा झाला तरी तो उतरला नाही, आणखी आठ सेकंद बसून राहिला. ती लेनची. आपल्या मुलाचं नावही त्याने लेन ठेवलं. तर १९९५ च्या पीबीआर अंतिम स्पर्धेत टफच्या वाट्याला ‘बोडेशस’ आला, पिवळट रंगाचा, त्या काळातला सगळ्यांत भयंकर वळू. त्याची एक खोड होती. मागचं अंग एकदम उंच उचलायचं, त्याने रायडर पुढे झुकतो, आणि त्याच क्षणी डोकं मागे फेकायचं. टफच्या चेहऱ्याची हाडं अक्षरशः चुरा झाली, कित्येक तास शस्त्रक्रिया करून तो चेहरा परत उभा करावा लागला. त्याच वर्षी डिसेंबरात व्हेगासला चिठ्ठीत पुन्हा बोडेशसच आला. टफ शूटमध्ये त्याच्यावर बसला, मान हलवली, दरवाजा उघडला आणि त्याने दोर सोडून दिला. वळू एकटाच बाहेर गेला. टफने त्याच्याकडे बघून टोपी उचलली. मुलाला शब्द दिला होता.

वळूच्या पाठीवरून उतरायला बसण्यापेक्षा जास्त छाती लागते असं तुमच्या मुलाला कोणी सांगणार नाही. टफचं उदाहरण द्या. त्याला भित्रा म्हणायची तिथे कोणाची टाप नाही.

हेल्मेट आणि चेहऱ्यावरची जाळी यायला मात्र वेळ लागला, कारण टोपी हा इथला फेटा आहे. टोपीवाला काउबॉय हेल्मेट घालायला तयार होईना. शेवटी पीबीआरने २०१३ पासून नियम केला की १५ ऑक्टोबर १९९४ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्याने हेल्मेट घातलंच पाहिजे, त्याआधीच्यांनी आपलं बघावं. म्हाताऱ्यांना न दुखावता पोरांना वाचवायची युक्ती, आणि मला ती आवडते. जे.बी. मॉनी हा दोनदा विजेता झालेला रायडर शेवटपर्यंत टोपीवरच राहिला. सप्टेंबर २०२३ मध्ये आयडाहोतल्या लुइस्टनला ‘आर्क्टिक असॅसिन’ नावाच्या वळूने त्याची मान मोडली आणि कारकीर्द तिथेच संपली. अर्थात मान हेल्मेटने वाचली असती असं मी म्हणणार नाही. हेल्मेट कवटी वाचवतं, दात वाचवतं, जबडा वाचवतं. मानेला ते आधार देत नाही.

आणि मेंदूलाही पुरा देत नाही. हे जरा समजून घ्या, कारण मुलाच्या ‘हेल्मेट आहे’ मधली खरी चूक इथे आहे. मेंदू कवटीत घट्ट बसवलेला नसतो. डोकं झटक्यात फिरलं की कवटी फिरते, मेंदू क्षणभर मागे राहतो, मग आतून ताणला जातो. त्याला डोकं कशावर आपटायचीही गरज नाही. वळूच्या पाठीवर बसलेल्या माणसाचं डोकं आठ सेकंदांत किती वेळा असं झटकलं जातं ते एकदा व्हिडिओ हळू करून बघा. कवटीबाहेरचं प्लास्टिक आतला ताण थांबवू शकत नाही.

कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियाचा टाय पोझोबॉन २०१६ चा पीबीआर कॅनडाचा विजेता. हेल्मेट घालणारा. कारकीर्दीत मेंदूला अनेकदा मार बसला होता. जानेवारी २०१७ मध्ये त्याने आयुष्य संपवलं. हाही २५ वर्षांचा. घरच्यांनी मेंदू तपासणीला दिला आणि त्यात सीटीई सापडला: वारंवार बसलेल्या धक्क्यांनी मेंदू हळूहळू झिजवणारा आजार, जो माणूस गेल्यावर मेंदू तपासूनच पक्का ठरवता येतो. वळूवर बसणाऱ्यात तो पक्का सापडल्याची ती पहिली नोंद. त्याच्या नावाने आता एक संस्था आहे. ती रायडरांच्या डोक्याच्या दुखापती आणि मनाची तब्येत या दोन्हींकडे बघते.

मला शूटमागे सगळ्यांत जास्त भीती रक्ताची वाटत नाही. एका रात्री एकोणीस-वीस वर्षांचा पोरगा स्वतःच्या पायांनी चालत आला, हेल्मेट काढलं, हसला आणि विचारलं, “मी किती सेकंद राहिलो?” मी सांगितलं, पाच. बूट सोडले, पुन्हा विचारलं, “मी किती सेकंद राहिलो?” पाच. पाणी प्यायला, पुन्हा तेच. चौथ्यांदा विचारल्यावर त्याच्या बापाने तोंड फिरवलं. दुसऱ्या दिवशी दीडशे मैलांवर त्याची पुढची स्पर्धा होती, प्रवेशशुल्क भरलेलं होतं. मी बसू नको म्हणालो. तो बसला की नाही ते मला कळलं नाही.

या प्रवेशशुल्कात बरंच काही आहे. पारंपरिक रोडिओत रायडरला पगार नसतो. बसायचे पैसे तोच भरतो, टिकला आणि क्रमांक आला तर बक्षीस, नाहीतर पेट्रोलचा खर्चही अंगावर. त्यामुळे मोडलेल्या मनगटाला पट्टी गुंडाळून बसणारे आम्हाला नेहमी दिसतात. हाडाचं दुखणं निदान दिसतं तरी. डोक्याचं दुखणं पोरगा स्वतःच लपवतो, कारण डॉक्टरला कळलं तर आठवड्याची मिळकत गेली. गावच्या लहान रोडिओत अडवणाराही कोणी नसतो. एका ठिकाणी एकुलती ॲम्ब्युलन्स दुसऱ्या कॉलवर गेलेली असताना आयोजकांनी पुढचा वळू सोडायला घेतला. मी दरवाज्याच्या दोराला धरून उभा राहिलो आणि भांडलो. वीस मिनिटं खेळ थांबला, लोकांनी आरडाओरडा केला. पुढच्या वर्षी मला बोलावणं आलं नाही.

तुम्ही विचारलेलं नाही, पण ही माणसं आपल्या गेलेल्यांना कशी आठवतात ते सांगतो, कारण मुलगा ज्या पोरांत बसतो त्यांना समजून घ्यायला ते उपयोगी पडेल.

रोडिओ सुरू होण्याआधी सगळे टोप्या काढतात आणि प्रार्थना होते. वर्षात कोणी गेला असेल तर खोगीर चढवलेला पण स्वार नसलेला घोडा रिंगणातून एक फेरी चालवत नेतात. कोणी बोलत नाही. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं, आता खेळ रद्द होईल. फेरी संपली, घोडा बाहेर गेला आणि पहिला दरवाजा उघडला. डेन्व्हरला मेसन लो गेल्यावर दुसऱ्या रात्री स्पर्धा झाली, त्याला मानवंदना देऊन. आपल्या मनाला हे खटकतं. घरात सुतक असताना हे काय? मलाही बरीच वर्षं खटकत होतं. आता तेवढं खटकत नाही. पण माझ्या बायकोला अजून खटकतं, आणि तिचं चुकतंय असं मी म्हणू शकत नाही.

शायानला लेनचा वळूवर बसलेला मोठा ब्राँझ पुतळा आहे, १९९३ पासून. पीबीआरच्या अंतिम स्पर्धेत सगळ्यांत जास्त गुणांच्या राइडला जो पुरस्कार देतात त्याला लेन फ्रॉस्ट आणि ब्रेंट थरमन या दोघांचं नाव आहे. लेनची कबर इथून दक्षिणेला ह्यूगो नावाच्या गावात आहे, माउंट ऑलिव्हेट दफनभूमीत. मी एकदा वाट वाकडी करून गेलो होतो. त्या दफनभूमीचा एक भाग सर्कसवाल्यांचा आहे, त्यांच्या दगडांवर हत्ती कोरलेले. लेनच्या शेजारी फ्रेकल्स ब्राऊन आहे, त्याचा गुरू. या फ्रेकल्सने १९६७ मध्ये, वयाच्या ४६ व्या वर्षी, ‘टॉर्नेडो’ नावाच्या वळूवर आठ सेकंद काढले, ज्याच्यावर त्याआधी २२० जण हरले होते. सेहेचाळिसाव्या वर्षी! पुढे म्हातारा होऊन आजारपणात गेला. गुरू पासष्टी ओलांडून गेला आणि चेला पंचविशीत, दगड मात्र शेजारी शेजारी.

आणि वळूंचं काय होतं, हे आपल्याकडचे लोक नेहमी विचारतात. लेनला मारणाऱ्या वळूला कोणी गोळी घातली नाही. तो पुढे खेळला, निवृत्त झाला, कुरणात राहिला आणि १९९९ मध्ये मेला. जे.बी. मॉनीने तर मान मोडणारा वळू घेऊन स्वतःच्या रँचवर आणला. हे मला लगेच कळलं. आमच्या आज्यालाही एका खोंडाने तुडवलं होतं. गावाने बाजार दाखवा म्हटलं, आज्याने नाही दाखवला. बरगड्यांना हळद लावून पडला होता आणि पडल्या पडल्या त्याच्या वैरणीची चौकशी करत होता.

आता मुलाचं. ‘खबरदार बसलास तर’ म्हणू नका. तो बसेल आणि तुम्हाला सांगणार नाही, मग तुम्हाला फोन मी किंवा माझ्यासारखा कोणी करेल. त्याला कॉलेज रोडिओची खरी पोरं दाखवा. त्यातली बहुतेक लहानपणी मेंढ्यांवर, मग वासरांवर, मग गोऱ्ह्यांवर बसत वळूपर्यंत आलेली असतात. पडायचं कसं, कुठल्या बाजूला, पडल्यावर हातापायांवर कसं पळायचं, हे त्यांच्या अंगात मुरलेलं असतं. पंचविशीला पहिल्यांदा बसणाऱ्याला पडणं येत नाही. त्याला खरंच वेड लागलं असेल तर रायडिंगच्या शाळा आहेत, तिथे आधी पिंपावर आणि मग गरीब जनावरावर बसवतात. तिथे जाऊ दे. निम्मी हौस पिंपावरच भागते, हा माझा अनुभव.

विम्याची पॉलिसी वाचायला सांगा, ओळ न् ओळ. विद्यार्थ्यांच्या काही पॉलिसींत रोडिओ चक्क नावाने वगळलेला असतो. हेलिकॉप्टरने उचलून न्यायचं बिल इथे किती होतं ते मी लिहीत नाही, तुमची झोप जाईल. रिंगणावर सही करायला एक कागद देतात, त्यात ‘मेलो तर तुमची जबाबदारी नाही’ एवढंच वेगवेगळ्या शब्दांत लिहिलेलं असतं. जॅकेट उसनं घेऊ नये. दुसऱ्याच्या मापाचं जॅकेट पडताना वर सरकतं आणि खालच्या बरगड्या उघड्या पडतात, तिथेच प्लीहा आणि यकृत असतं. आणि डोक्याला झटका बसून क्षणभर जरी काही आठवलं नाही, तर त्या रात्री त्याने एकट्याने झोपू नये आणि डॉक्टरने हो म्हणेपर्यंत पुन्हा बसू नये, किती का आठवडे लागेनात.

सराव असो की स्पर्धा, ज्या रिंगणावर बुलफायटर नाही आणि ॲम्ब्युलन्स उभी नाही तिथे कुंपणाच्या आत पाय ठेवायचा नाही. सरावाच्या रिंगणांवर बहुतेक वेळा दोन्ही नसतं. त्याला सरळ विचारा: तिथे पडल्यावर आत धावणारा कोण आहे, आणि छातीच्या शस्त्रक्रियेची सोय असलेलं हॉस्पिटल रस्त्याने किती मिनिटांवर आहे? उत्तर आलं की मला कळवा. गावाचं नावही कळवा, जवळ असेल तर एखाद्या संध्याकाळी मी जाऊन येतो.